पांढऱ्या पट्टीची काठी

माझी नात पोल व्हॉल्ट खेळते. आमच्याकडं बांबूउडी म्हणतात. काठी घेऊन पळायचं, पुढच्या खड्ड्यात टोक रोवायचं, काठी वाकते आणि सरळ होता होता माणसाला वर फेकते. वर आडवी दांडी असते, ती न पाडता पलीकडं गादीवर पडायचं. नाव बांबूउडी, पण काठी बांबूची न्हाई, फायबरची, आतून पोकळ. उंची वाढली की जास्त कडक काठी घ्यावी लागते. नातीकडं चार होत्या. सगळ्यात कडक काठीवर खुणेची पांढरी पट्टी चिकटवलेली.

परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला निघायच्या आधी ती दोन दिवस घनसावंगीला घरी आल्ती, काठ्यांसकट. जायच्या दिवशी जालन्यापर्यंत जीप केली. तिथून तिच्या सरांचा टेम्पो काठ्या मुंबईला नेणार होता. जीपच्या टपावर तिनं खाली गोधडी अंथरली, काठ्यांची लांब पिशवी ठेवली आणि वरून दोन कापडी पट्टे लावले. झालं तिचं बांधणं.

"हे अंबड यायच्या आत सुटंल," मी म्हणलो.

"आबा, सैलच ठेवायचं असतं. दोर लावू नका."

"चाळीस वर्षं कारखान्याला उसाच्या गाड्या भरल्या मी. एक मोळी रस्त्यात पडली न्हाई."

"मोळी पडली तर उचलून घेता येते," ती हसली. "ही मोडली तर मलाच उचलून न्यावं लागंल."

ती आईच्या पाया पडायला आत गेली, तेवढ्यात मी माझंच केलं. दोराचे दोन वेढे घेतले, दोरात लोखंडी गज घातला आणि पीळ देत गेलो. उसाची गाडी अशीच आवळतात, मंग भार दगडासारखा बसतो. तिसऱ्या पिळाला गज हातातून सटकला आणि पिशवीवर बसला. कट् असा बारीक आवाज आला.

जालन्यात काठ्या सोडायला मीच टपावर चढलो. पिशवीची चेन उघडून पाहिलं. पांढऱ्या पट्टीच्या काठीवर, पट्टीला लागूनच, नखाएवढा ओरखडा. थुंकी लावून अंगठ्यानं पुसला. गेला न्हाई. पट्टीचं टोक सुटलेलं होतं. ते ओढून मी ओरखड्यावर दाबून बसवलं आणि चेन लावली.

"आबा, बराबर हायेत ना?" ती खालून म्हणली.

"बिलकुल."

मला माहीत न्हवतं असं न्हाई. मागच्या साली सरावात तिची एक काठी मोडल्ती. तळहात फाटला होता, टाके पडले. सरांनी तेव्हा माझ्यासमोर सांगितलं होतं की ह्या काठीला साधा ओरखडा पडला तरी ती तिथूनच जाते, आणि त्या वेळेला माणूस वर उलटा टांगलेला असतो. पण सांगायचं म्हणजे काय, की पोरगी बरोबर आणि मी चूक. तेही त्या जीपवाल्यासमोर. जीभ उचलली न्हाई.

सहा दिवस उचलली न्हाई. रोज सुनेच्या मोबाइलवर तिचा फोन यायचा. सराव चांगला चाललाय म्हणायची, कडक काठी मात्र स्पर्धेच्या दिवशीच काढणार. मी म्हशीचं सांगायचो. एकदा सून म्हणली, "मामा, फोन कवाचा बंद झालाय. कानाला काय धरून बसलात?"

स्पर्धा आपल्या दुपारची होती. शेजारच्या मास्तरांनी मोबाइल टीव्हीला जोडून दिला. गल्लीतली सगळी माणसं ओसरीत. पहिली उंची नातीनं पहिल्याच उडीत काढली. दुसरीला एकदा दांडी पडली, मंग जमलं. बायांनी टाळ्या वाजवल्या.

"आता कडक काठी घेईल," सून म्हणली.

पडद्यावर नात वाकली आणि पांढऱ्या पट्टीची काठी उचलली. हाताला पावडर चोळून राह्यली. तिच्या आधी दोन पोरी उडायच्या होत्या.

"सरांना फोन लाव," मी सुनेला म्हणलो.

"आत्ता? अहो मामा, सर तिथं..."

"लाव म्हणलं ना!"

सर मैदानाच्या कठड्यापाशी बसलेले होते. पोरी मधूनमधून तिथं जाऊन आपापल्या सरांशी बोलतात, हे मी पाहून ठेवलं होतं. फोन उचलला. ओसरीतल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आता ऐकलं तर ऐकलं.

"सर, पांढऱ्या पट्टीच्या काठीला मार लागलाय. जीपवर बांधताना. माझ्या हातून. तिला त्या काठीवर उडू देऊ नका."

फोन बंद झाला. टीव्हीवर दुसऱ्या देशाची पोरगी पळून राह्यली होती. तिची उडी मला दिसलीच न्हाई. मंग कॅमेरा फिरला. नात कठड्यापाशी उभी, काठी आडवी धरलेली, पट्टी सोलून बोट फिरवून राह्यली होती. तिनं काठी गवतावर ठेवली आणि आधीचीच नरम काठी घेतली.

"ह्या उंचीला ती पुरत न्हाई," मास्तर हळूच म्हणले.

पहिल्यांदा काठी नको तेवढी वाकली, नात छातीनं दांडीवर गेली. लाल झेंडा, म्हणजे उडी वाया. अशा तीन झाल्या की खेळ संपला. दुसऱ्यांदा गुडघे लागले. तिसऱ्यांदा ती दांडीसकट खाली आली आणि गादीवर तशीच पडून राह्यली. उठायला तिला वेळ लागला.

मागून कुणीतरी म्हणलं, "म्हातारबानं पोरीचं पदक खाल्लं." आवाज ओळखीचा होता. मी वळून पाहिलं न्हाई. सून उठून चुलीकडं गेली आणि पदर तोंडाला लावून तिथंच उभी राह्यली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीचा फोन आला.

"आबा, मोडलीच असती असं न्हाई."

"आणि मोडली असती तर?"

"ते आता कुणालाच कळायचं न्हाई." मंग म्हणली, "एक विचारू? घरून निघताना त्या पट्टीचं टोक सुटलेलं होतं. पिशवी उघडली तवा चिकटलेलं. कुणी चिकटवलं?"

आपोआप चिकटलं असंल, असं म्हणता आलं असतं.

"मी. ओरखडा दिसू नये म्हणून."

तिच्या मागं कुणीतरी परक्या भाषेत बोलून राह्यलं होतं.

"सरांना वाटतंय, तुम्हाला ते ऐनवेळेला आठवलं," ती म्हणली. "मी तसंच वाटू दिलं."

"न्हाई. सांग त्यांना."

"मी न्हाई सांगणार आबा. तुम्ही सांगा."

ती परत आली, पण घरी दोनच तास थांबली. काठ्या आणल्या न्हाईत. जेवली, माझ्या पाया पडली, नेहमीसारखंच बोलली. नेहमीसारखंच बोलायला तिला किती जोर लावावा लागतोय, ते मला दिसून राह्यलं होतं.

सरांना मी दोनदा फोन लावला आणि ते उचलायच्या आत बंद केला. समोरासमोर तर जमायचंच न्हाई, माझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून हे कागदावर काढलं. आधी सरांकडं पाठवणार. मंग गल्लीत ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.