हरिहरेश्वरची भरतीची चौकट

गेली काही वर्षं मी किहीमपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या घरगुती लॉजवाल्यांच्या वेबसाइट सांभाळते. टेम्प्लेट बदलायचं म्हटलं की लोक घाबरतात. वाटतं, लिहिलेलं सगळं पुसलं जाईल. मी ठासून सांगायचे, "मांडव तोच, फक्त पडदे बदलायचे. मजकुराला धक्का लागत नाही." इतक्यांदा सांगितलं की माझाच त्यावर विश्वास बसला.

हरिहरेश्वरला एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देतात. मी त्यांना काका-काकू म्हणते. त्यांची साइट भडक निळी, वर पिवळी अक्षरं, बघवायची नाही. उजवीकडे एक छोटी चौकट होती. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांतून थेट समुद्राशी उतरते आणि ओहोटीलाच मोकळी असते. म्हणून काका रोज सकाळी पंचांग बघून तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायचे, भरतीची वेळ काढायचे आणि मोबाइलवरून त्या चौकटीत लिहायचे: "आज दशमी. भरती साडेसातला. प्रदक्षिणा दुपारी बारा ते दोन." पाहुणे ते वाचूनच निघायचे.

माझ्या नव्या टेम्प्लेटला उजवी बाजूच नव्हती. पडदाभर नारळाची वाडी, खाली बारीक देखणी अक्षरं. स्वतःवर खूश होऊन मी चार मैत्रिणींना लिंकसुद्धा पाठवली. चौकटीची आठवण झाली नाही. ती पुसली गेली नव्हती, पण तिला बाहेर लावायला जागा उरली नव्हती. आत, जिथे काका लिहायचे, तिथे ती जशीच्या तशी होती. काका रोज लिहीत होते, "जतन झाले" असं उत्तरही येत होतं. आठ दिवस त्यांनी लिहिलेलं एक अक्षर कोणाला दिसलं नाही.

नवव्या दिवशी चतुर्थी होती, भरती तीनची. एक जोडपं लहान मुलीला घेऊन आलं होतं. "देवळात जाऊन येतो, मग जेवू," असं काकूंना सांगून ते दीडच्या सुमाराला निघाले. काकू मोदकांत गुंतलेल्या. काका वाडीतून आले, मांडलेली पानं तशीच बघितली आणि अनवाणीच धावत सुटले.

पाणी वाटेवर चढलं होतं. बाप मुलीला उचलून खडकाला टेकला होता, बाई गुडघाभर पाण्यात. काकांनी हाका मारमारून त्यांना थांबवलं आणि दोन लाटांमधली उसंत धरून एकेकाला वर घेतलं. मुलीच्या कोपराला खरचटलं, बाकी सगळे धड आले.

"तुमच्या साइटवर काहीच नव्हतं हो," तो माणूस म्हणाला.

"मी रोज लिहितो की," म्हणत काकांनी आपला मोबाइल पुढे केला. त्यात लिहिलेलं होतं. त्या माणसाच्या मोबाइलमध्ये नारळाची वाडी होती.

हे सगळं मला काकूंनी फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीने गेले. वाटभर बोलणी खायची तयारी करत होते. काका एवढंच म्हणाले, "चहा घे आधी." मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ओटीवर बसून मी ती चौकट साइटच्या अगदी माथ्यावर आणली, फोटोच्याही वर, ठळक अक्षरांत. माझ्या मोबाइलवर दाखवली, काकूंच्यावर दाखवली, शेजाऱ्यांचा मागून आणला त्याच्यावरही दाखवली.

"आता सगळ्यांना दिसतंय, काका."

"दिसतंय गो. छान झालंय." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात आतल्या खोलीतले दुसरे पाहुणे प्रदक्षिणेला म्हणून बाहेर आले. चौकट वाचूनच निघाले होते, वेळही बरोबर होती. काका उठले, अनवाणी धावण्यात सोललेल्या तळव्यांवर फडकं गुंडाळलं होतं, त्यावरूनच त्यांनी चपला चढवल्या.

"तुम्ही कशाला? त्यांनी वाचलंय ना," मी म्हटलं.

"वाचलं असंल," काका म्हणाले, आणि लंगडत त्यांच्या पुढे चालू लागले.