सहावा अणू

दोंडाईच्याजवळच्या आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर प्रत्येक वाक्याआधी थकल्यासारखा श्वास सोडतात. रासायनिक अभिक्रिया शिकवताना ते मुलांनाच अणू करतात, चार हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन. जुने हात सोडून नवे धरले, की पाणी तयार. "अणू बठ्ठा तेच शेतस, फक्त जोड्या बदलन्यात," अणू सगळे तेच आहेत, असं ते अहिराणीत सांगतात.

काल कापूस वेचणीमुळे सातवीत पाचच मुलं होती. मी शेजारच्या वर्गात शिकवता शिकवता पाहत होतो. सर गुडघा दाबत उठले आणि स्वतःच हायड्रोजन होऊन उभे राहिले.

आज सहावं मूल, एक मुलगी, आली, बोंडांनी ओरखडलेली बोटं घेऊन. सरांनी धडा पुन्हा मांडला. श्वास सोडला आणि तिच्या शेजारच्या ऑक्सिजनला म्हणाले, "तिना हात हळू धर रे."