सव्वीस दातांचा कंगवा

कॅमेऱ्यांच्या त्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘हात नको’. हे दुसरं नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत एक लांबट टेबल होतं. त्याच्या जवळपास कुणी फिरकलं की हुद्दा-बिद्दा न बघता त्या ओरडायच्या, “हात नको!” एकदा खुद्द मालक पाहुण्यांना घेऊन आले होते. त्यांनी टेबलावरच्या बाहुलीच्या गालाला लावायला कौतुकानं बोट पुढे केलं आणि मुकाट्यानं खिशात घातलं. ती गोष्ट पुढे वर्षभर चहाच्या वेळी रंगवून सांगितली जात होती. सांगणाऱ्यांत बाई पहिल्या.

टेबलावर काही सोनंनाणं नव्हतं. लोकरीचे तीन गुंडे, काचेच्या डोळ्यांची बाहुली, पितळी कुलूप, बटणं टाचलेला पुठ्ठा, पिसांचा झुपका, एक जाडजूड पुस्तक आणि एक काळा कंगवा. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याला या टेबलाचा फोटो काढावा लागे. आधी लख्ख उजेडात, मग दिवे मंद करत करत पार स्वतःचा हात दिसेनासा होईपर्यंत. लोकरीचा धागा न् धागा कोण दाखवतो आणि कोण नुसता चिखल करतो, हे जुने-नवे फोटो शेजारी ठेवून ठरायचं. त्यासाठी टेबल मात्र अकरा वर्षांपूर्वी होतं तसंच हवं. प्रत्येक वस्तूखाली पेन्सिलीची रेघ मारलेली होती. बाई रोज सकाळी वस्तू उचलायच्या, मऊ ब्रशनं धूळ झटकायच्या, रेघेत परत ठेवायच्या आणि वहीतल्या ‘आज काय बदलले?’ या रकान्यात लिहायच्या, ‘काही नाही’. अकरा वर्षं त्यांनी हे दोनच शब्दी उत्तर दिलं होतं आणि त्याचा त्यांना राजेशाही अभिमान होता.

कंगवा मात्र घरचा होता. पहिल्या दिवशी मागवलेला कंगवा आलाच नाही, तेव्हा बाईंनी नवऱ्याचा आणला. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, आणि त्याच्या डोक्यावरचा शेवटचा केस त्याच साली गेला होता. “नाहीतरी तुम्हाला आता शोभेपुरताच,” असं म्हणून त्यांनी तो उचलला. नवऱ्यानं त्यावर दोन दिवस अबोला धरला होता. सव्वीस दात. रोज ब्रश फिरवताना बाई मोजायच्या.

तर झालं असं, की मुख्य संशोधकानं नवा कॅमेरा काढला. संशोधक म्हणजे बाईंच्या मुलाच्या वयाचा, चष्मा कायम कपाळावर आणि मग तोच शोधत फिरणारा. बाई त्याला ‘साहेब’ म्हणत, पण चष्मा कुठे आहे ते लगेच सांगत नसत. अंधारात दिसणं हे या नव्या कॅमेऱ्याचं वैशिष्ट्य. त्याला आधी हजारो फोटो दाखवून शिकवलं होतं, म्हणजे अंधुक चित्रातून खरं चित्र कसं ओळखायचं ते त्याचं तोच जाणत होता.

“बाई,” साहेब म्हणाला, “याला पैकीच्या पैकी मिळणार. मग या टेबलाला विचारायचं काय उरलं? पुढच्या बुधवारी मोठी मंडळी येतील, फोटो बघतील, की ही खोली बंद. तुम्हाला वरती पॅकिंगमध्ये बसवू. खुर्ची चांगली आहे तिथली.”

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला चांगली खुर्ची मिळणार, हे ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते धुळीच्या नावावर खपवलं.

सोमवारी सकाळी, त्याच तंद्रीत, कंगवा हातातून निसटला. फरशीवर टक्क असा आवाज झाला आणि डावीकडून सातवा दात वेगळा झाला.

नियम सरळ होता: वहीत लिहायचं. पण लिहिलं की सगळ्या जुन्या फोटोंशी तुलना कच्ची ठरणार, आणि खोली पुढच्या बुधवारची वाट न बघता आजच बंद. शिवाय ‘हात नको’च्या स्वतःच्याच हातानं! इमारतभर हशा पिकला असता. त्यांनी तुटका दात चष्म्याच्या डबीत टाकला, कंगवा रेघेत ठेवला आणि वहीत लिहिलं, ‘काही नाही’. अक्षर जरा तिरपं आलं.

दुपारी मंद दिव्यात नव्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. पडद्यावर कंगवा भिंतीएवढा झाला तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले. मग एक उघडला. मोजलं. सव्वीस.

सुटले! बाईंनी मनातल्या मनात त्या कॅमेऱ्याची दृष्ट काढली. घरी जाईपर्यंत त्या खुशीतच होत्या. घरी चष्मा काढायला डबी उघडली आणि आतून दात खाली पडला. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दात जर इथे, तर फोटोत होता तो कुणाचा?

दुसऱ्या दिवशी बाईंनी पाप केलं, आणि तेही आवडीनं. नेलकटरनं आणखी एक दात उडवला. फोटोत सव्वीस. गुरुवारी तिसरा. फोटोत सव्वीसच! दोन वर्षांपूर्वीचा जुना कॅमेरा लावून बघितला, तर त्या बापड्यानं तिथे काळा डाग दाखवला, मला नीट दिसत नाही असं कबूल केल्यासारखा. बाईंच्या अंगात आता वारं शिरलं होतं. शुक्रवारी त्यांनी पुठ्ठ्यावरचं हिरवं बटण काढून तिथे लाल लावलं. मंद दिव्यात नव्या शहाण्यानं हिरवंच दाखवलं.

“हा बघत नाहीच आहे मुळी,” बाई नवऱ्याला म्हणाल्या. “हा घोकून आलाय!”

“पण मग तू सांगत का नाहीस?”

“सांगितलं तर मला कंगवा मोडल्याचंही सांगावं लागेल. आणि वहीत रोज खोटं लिहिल्याचं.”

“माझा कंगवा मोडलास?” नवऱ्यानं विचारलं. त्याला एवढंच ऐकू आलं होतं.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी, मोठी मंडळी आली. साहेबानं दिवे मंद केले, फोटो काढला, पडद्यावर आणला. लोकर, पिसं, बाहुलीच्या पापण्या, सगळं लख्ख. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण. कुणीतरी टाळी वाजवली. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. गप्प राहिलं तर त्यांचं नाव अकरा वर्षांसकट स्वच्छ राहणार होतं, आणि घोकंपट्टी करणारा तो कॅमेरा लोकांच्या घरोघर जाणार होता.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “जरा कंगव्याचे दात मोजता का?”

“आत्ता?”

“आत्ताच. मग मी कुठे, तुम्ही कुठे.”

साहेबानं कपाळावरचा चष्मा शोधून मोजले. “सव्वीस.”

बाईंनी टेबलावरचा कंगवा उचलला. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला, कारण हात लावणाऱ्या त्या होत्या. त्यांनी तो साहेबाच्या हातात दिला आणि दिवे लावले. साहेबानं एकदा मोजले, दोनदा मोजले. तेवीस.

“एक माझ्या हातून पडून मोडला,” बाई म्हणाल्या. “दोन मी मुद्दाम मोडले. लाल बटणही माझंच.”

साहेबाचे कान लाल झाले. संध्याकाळपर्यंत त्यानं सगळं उकरून काढलं. कॅमेऱ्याला शिकवायला फोटो कमी पडत होते, तेव्हा त्याच्या माणसांनी हाताशी होते ते वापरले, म्हणजे अकरा वर्षांचे याच टेबलाचे. परीक्षेचा पेपर आणि अभ्यासाचं पुस्तक एकच! आणि बाईंनी पेपर इतका चोख सांभाळला होता, की त्यात काना-मात्रेचाही फरक नव्हता. कॅमेऱ्याला तो तोंडपाठ झाला होता. हे कळल्यावर बाईंना पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं. ज्याचा अभिमान धरला, त्याचाच कॅमेऱ्यानं फायदा घेतला होता.

साहेब वही चाळत होता. मोडतोडीनंतरच्या आठ ओळी त्यानं बोटानं मोजल्या. आठही ‘काही नाही’.

“हे फाडून टाकू,” तो हळूच म्हणाला. “तुमचं नाव कशाला उगाच.”

“हात नको!” बाई ओरडल्या. साहेबानं वही सोडली.

“साहेब, मोडका दात मी लपवला, आणि कॅमेऱ्यानंही लपवला. माझं लबाडीचं पान ठेवलं तरच त्याची लबाडी खरी वाटेल.”

आता नवा कॅमेरा पुन्हा पहिलीच्या वर्गात बसला आहे. खोली चालू आहे, पण हुकूम निघाला: टेबल रोज वेगळं मांडायचं, कशी मांडणी हे कुणाला आधी कळता कामा नये. पहिल्या दिवशी बाई बाहुली हातात घेऊन अर्धा तास उभ्या होत्या, पेन्सिलीच्या रेघेबाहेर तिला ठेवायला हातच वळेना. मग त्यांनी ती पुस्तकावर उलटी निजवली, कुलूप तिच्या कुशीत दिलं आणि एकट्याच खुदकन हसल्या.

नवऱ्याचा निरोप त्यांनी साहेबाला पोचवला: जुनी घोकणारी प्रत मोडू नका, त्याला तिच्याकडून स्वतःचा एक फोटो काढून हवा आहे, केसांसकट.

आणि वहीत, ‘आज काय बदलले?’ या रकान्यात, त्यांनी सरळ अक्षरात लिहिलं, ‘मी’. मग ते फारच शहाणपणाचं वाटलं म्हणून खोडलं आणि खाली लिहिलं, ‘सगळं. कंगव्याचे दात आता तेवीस. मीच मोडले.’