यंदाचं मीठ

पेणच्या खाडीवर महिपतीच्या जिभेला मान होता. मिठाचा खडा तोंडात टाकून तो सांगायचा, हे पौषातलं की चैत्रातलं, वरच्या वाफ्यातलं की बांधालगतचं. व्यापारी मुद्दाम दुसरीकडचं मीठ त्याच्या पुढ्यात धरत आणि तो थुंकून म्हणे, "हे आपलं नाय." चाळीस वर्षं त्याने खाऱ्या पाण्यात लाकडी फळी ओढली. तळपाय चिरले, डोळे अधू झाले, जीभ मात्र शाबूत राहिली. गावात लग्न असलं की त्याला आचाऱ्याशेजारी पाट मिळे. त्याने मान हलवल्याशिवाय भाजीचं पातेलं मांडवात जात नसे.

भूमिका ही त्याच्या थोरल्या भावाची नात, रोह्याला दिलेली. तिचा नवरा अमोल कंपनीत शिफ्टला जायचा आणि ती घराच्या मागल्या खोलीत चॉकलेटं बनवायची. केरळातून कोकोच्या बिया मागवून स्वतः भाजायची, दगडी यंत्रात दोन-दोन दिवस घोटायची आणि त्यात कोकम, तिरफळ, भाजके पोहे, ओली हळद असलं काय काय घालून बघायची. गेल्या वर्षी तिने महिपतीचं मीठ घातलेली वडी केली. तीच सगळ्यांत जास्त खपली. डब्यावर तिने छापलं होतं, 'पेणच्या खाडीचं मीठ, महिपती म्हात्रे यांच्या हातचं.' महिपतीने तो रिकामा डबा देवळीत ठेवला होता, आल्यागेल्याला दिसेल असा.

मग पावसाळ्यात मोठ्या उधाणाने बांधाला खांड पडली आणि वाफे गाळाने भरले. बाकीच्यांनी मिठागरं केव्हाच सोडली होती. एकट्याच्याने खांड बुजेना. त्या हंगामात त्याच्या हातून मिठाचा खडाही पिकला नाही.

भूमिकेचा फोन आला, "आजा, यंदा पाच किलो लागेल." तो म्हणाला, "पाठवतो गो."

मिठागरवाल्याच्या घरात मीठ संपलं असं कुणी तोंडाने म्हणत नाही, म्हणून आपल्या तोंडून खरं निघालं नाही, अशी त्याने पुढे मनाची समजूत घातली. पण खरं कारण देवळीत होतं.

पेणच्या बाजारातून त्याने जाडं मीठ आणलं. पडवीत बसून ते जुन्या कापडी पिशवीत भरताना काशीबाई, त्याची बायको, दारात उभी राहिली.

"दुसऱ्याचा पोर मांडीवर घेऊन बारसा करताव?" ती म्हणाली.

"मीठ ते मीठ."

"मंग चाळीस वर्षं थुकत कशाला होतेव?"

त्याने पिशवीचं तोंड सुतळीने बांधलं. तीनदा गाठ मारली.

एप्रिलात भूमिकेने त्याला रोह्याला बोलावून घेतलं. पुण्याच्या एका दुकानाकडून प्रतिक्षा नावाच्या बाई चॉकलेटं चाखून विक्रीसाठी निवडायला येणार होत्या. "तुला बघायचंय त्यांना," भूमिका म्हणाली. वडखळवरून एसटी पुढे निघाली तेव्हा महिपतीला उतरून परत जावंसं वाटलं. खांब गेलं, कोलाड आलं, तो बसून राहिला.

बाहेरच्या खोलीत टेबलावर पांढरा कागद अंथरला होता. त्यावर वड्यांचे तुकडे आणि कोमट पाण्याचे पेले. प्रतिक्षाताई तुकडा कानाशी नेऊन मोडत, हुंगत, मग जिभेवर ठेवून गप्प बसत. "चावायचं नाही, आजोबा. विरघळू द्यायचं," त्या हसून म्हणाल्या. अमोलबरोबर कंपनीतला विठू आला होता. त्याने हळदीचा तुकडा कडाकडा चावला आणि म्हणाला, "वहिनी, खोकल्याला बरं पडेल हे." भूमिकासुद्धा हसली.

कोकमाची वडी बाईंना फार आवडली. पोह्यांची वडी त्यांनी दोनदा घेतली. मग मिठाची आली. विठूने डोळे मिटले.

"यात खाडी कळते बघा," तो म्हणाला. "भरतीचा वास येतो."

महिपतीने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने तो फरशीची कड खरवडत राहिला.

प्रतिक्षाताईंनी मात्र गेल्या वर्षीची वडी मागितली. भूमिकेने एक जपून ठेवली होती. दोन्ही आळीपाळीने चाखून त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षीची सरस आहे. तिच्यात मीठ हळूच येतं आणि मागे गोडवा ठेवतं. ही नुसती खारट होते, मग कडवट. बियांची भाजणी बदललीस का?"

"नाही. पण माझंच चुकतंय कुठेतरी," भूमिका म्हणाली. "तीन घाणे टाकून दिले मी. मीठ तर तेच आहे. आजा, तू सांग ना. तुला कळेल."

तिने दोन्ही तुकडे त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने पहिला जिभेवर घेतला. विरघळता विरघळता त्याला आपला बांधालगतचा वाफा ओळखू आला, जसं अंधारात घरातलं माणूस पावलावरून ओळखू यावं. दुसरा घेतला. त्यात कुणीच नव्हतं.

"दोन्ही सारखीच लागतात," तो म्हणाला.

भूमिकेने मान हलवली. पुटपुटत वहीत लिहिलं, 'भाजणी कमी करणे.' खाली रेघ ओढली आणि चहा टाकायला आत गेली.

ती रेघ महिपतीला दिसली. तो उठून तिच्या मागे गेला. ओट्यापाशी उभा राहिला.

"भाजणी कमी करू नको."

"का?"

"तुझं काय चुकलं नाय. मीठ माझं नव्हं. बाजारचं हाय. खांड पडली, यंदा पिकलंच नाय."

चहा वर आला तो तिने खाली केला. मग गॅस बंद केला.

"मग सांगायला काय झालं होतं?"

"डब्यावर नाव होतं."

"मला वाटलं, माझा हातच गेला," ती म्हणाली. "महिना झाला, आजा. रात्री झोप नाही मला." आणि कपांचा ट्रे उचलू लागली. "आता त्यांना काय सांगू मी?"

"तू नको. मीच सांगतो."

त्याने बाहेर येऊन सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. विठूने हातातला तुकडा कागदावर ठेवून दिला. कुणीतरी दोन कडक बोल बोलेल म्हणून महिपती उभा होता, पण प्रतिक्षाताईंनी फक्त खुर्ची पुढे सरकवली. "बसा, आजोबा," त्या म्हणाल्या, आणि आपल्या यादीतल्या मिठाच्या वडीवर काट मारली. त्या हळू आवाजाने त्याचे कान तापले. बसावं की जावं, त्याला कळेना. तो बसला.

मग भूमिकेने त्याच्यापुढे तिरफळाचा तुकडा ठेवला.

"हे बघ. आणि खरं ते सांग."

तिने पुन्हा विचारावं, हेच त्याला जड झालं. त्याने तुकडा जिभेवर ठेवला, चावला नाही.

"बी राहिलंय यात," तो म्हणाला. "तिरफळाचं बी काढून टाकायचं. साल तेवढी घ्यायची."

भूमिकेने ते लिहून घेतलं. त्याच्याकडे मात्र पाहिलं नाही.