इनासियाचा जपानी पट्टा

देवबागात गुडघे दुखणाऱ्या बायका पुष्कळ, पण चौऱ्याऐंशी साली जपानी पट्टा आला तो एकट्या इनासियाकडे. बोटीवर खलाशी असलेल्या तिच्या लेकाने, बाबुशने, तो पाठवला होता. आत चुंबक, बाजूला सेल आणि बटण दाबलं की लाल दिवा. संधिवातापासून टकलापर्यंत सगळं बरं होतं, असं सोबतच्या कागदावर छापलं होतं. इंग्रजीत छापलेलं खोटं कसं असेल?

पुढच्या रविवारी इनासिया चर्चमध्ये मिसाला ताठ चालत गेली. झालं, सगळी वाडी तिच्या दारात लोटली. शेजारच्या तुळसाने पट्ट्यासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. वाडीतल्या पेद्रूने तर पट्टाच नेऊन नारळ न धरणाऱ्या माडाला बांधला. माड काही धरला नाही, तेव्हा माडाचाच विश्वास कमी पडला असं ठरलं.

खरं फक्त इनासियाला ठाऊक होतं. गुडघा तसाच ठणकत होता. पण लेकाने एवढ्या मायेने पाठवलेली वस्तू फुकट गेली असं कुणी म्हणायला नको, म्हणून ती बाहेर दात आवळून चालायची आणि घरात भिंत धरून.

मग तुळसाच्या नवऱ्याच्या, लवूच्या पायात जाळ्यातल्या शिंगाळ्या माशाचा काटा घुसला. पाय सुजून भोपळा झाला. डॉक्टर पाय कापतील या भीतीने गडी मालवणला जाईना, इनासियाचा पट्टा बांधून बसला. ती बघायला गेली तर बोटं काळी पडलेली आणि लाल दिवा आपला चालूच.

"लवू, माजो गुडघो अजून दुखता," ती म्हणाली. "ह्या पट्ट्यान कायएक जावक नाय. मी तुमका फसयलंय. ऊठ, होडीत बस."

लवूला ते पटेना. तेव्हा ती त्याच्या अंगणात, सगळ्यांदेखत, घरात चालायची तशी लंगडत चालली. लवू उठून होडीकडे निघाला.

त्याची दोन बोटं गेली, पाय राहिला.

नाताळात बाबुश रजेवर आला. पट्ट्याचा गुण आला का, हे त्याने आल्या आल्या विचारलं. इनासिया दात आवळून, ताठ चालत त्याच्यासाठी पाणी आणायला गेली. भेटायला आलेल्या लवूला तिची दया आली.

"त्या पट्ट्यानच माजो पाय वाचलो रे," तो म्हणाला.

बाबुश असा खुलला, की पुढच्या खेपेला अख्ख्या वाडीसाठी पट्टे आणतो म्हणाला.

इनासियाने कपाळावर हात मारला. आता खरं सांगणं आलंच, आणि तेही ज्याच्यासाठी लपवलं त्यालाच. तिला रडू फुटलं. तिने बाबुशला जवळ बसवलं आणि त्याचा हात उचलून आपल्या सुजलेल्या गुडघ्यावर ठेवला.