करंगळी वाकडीच होती

सहा वर्षांपूर्वी मी एक मूर्खपणा केला. तेव्हा मी अवघी सहासष्ट वर्षांची, म्हणजे अल्लडच. त्यात मुलानं नवा फोन दिलेला, त्यामुळे अंगात आलेलं. खालच्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीच्या, सुनजाच्या, एका खराब झालेल्या फोटोत तिच्या वडिलांचा चेहरा उरला नव्हता. तो मी फोनवर नवा करून बसवला आणि फ्रेम करून तिला वाढदिवसाला दिला. सुनजा गेली त्याला आता सहा आठवडे झाले. दारावरची तिच्या नावाची पट्टी काढलीय, पण मी भाजी घेऊन वर येताना पाय अजून तिच्या दारापाशी थांबतात...

जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला मुलाकडे राहायला आले त्या वर्षी जिन्यात कुणीतरी वासाबद्दल चिठ्ठी लावली होती. नम्र, टाइप केलेली, बिनसहीची. मला वाटलं माझ्या सुकटीबद्दल, तिला वाटलं तिच्या आंबवलेल्या कोबीबद्दल, किमचीबद्दल. दोघी माफीचा केक घेऊन एकाच वेळी बाहेर पडलो आणि जिन्यात समोरासमोर आलो. "कुणाला द्यायचा?" तिनं विचारलं. मला ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. दोन्ही केक आम्हीच संपवले. माझं जर्मन तिनंच शिकवलं, म्हणून ते आजही नर्ससारखं आहे: दुखतंय का, कुठे, कधीपासून.

बाविसाव्या वर्षी ती नर्स म्हणून कोरियातून इथे आली. तिचं गाव इक्सान. रूळ तिथे येऊन चहू दिशांना फुटतात, वडील त्याच स्टेशनात डबे जोडायचे. "म्हणजे आमचं मनमाड," मी म्हणाले. मनमाड कुठे, हे तिनं विचारलंच नाही. "मग तुला कळेल," एवढंच म्हणाली. गावाबाहेर चौदाशे वर्षांपूर्वीचं मैत्रेय बुद्धाचं देऊळ होतं. देऊळ गेलं, एक दगडी पॅगोडा तेवढा अर्धामुर्धा उरला. वडिलांचा तो फोटो ती तिथून निघाली त्या दिवशीचा, फलाटावरचा. सुनजा, तिची बॅग आणि खांद्यावर वडिलांचा हात. हात बोटांपासून कोपरापर्यंतच, त्यापुढचं सगळं ओलीनं खाल्लेलं. करंगळी बाहेर वाकलेली, डबे जोडताना चेमटलेली. दोन वर्षांनी ते गेले. त्यांचा दुसरा फोटो कुठेच नव्हता.

मी फोनला सांगितलं, कोपरापुढे माणूस भर. त्यानं भरला. माझी नात सई शेजारी बसली होती. तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. ती म्हणाली, "पण आजी, हे ते नाहीतच ना." मी म्हटलं, नाक बघ, अगदी सुनजाचं आहे. शहाणपणात नातीनं आजीवर मात केली होती, पण आजी तेव्हा फ्रेम निवडण्यात दंग होती.

सुनजानं फोटो बराच वेळ पाहिला. "सुंदर आहे," म्हणाली. मग त्या हातावरून बोट फिरवलं. "करंगळी सरळ केलीस."

माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. फोननं आपणहून केली होती, चांगुलपणानं.

पुढच्या वसंतात ती इक्सानला जाऊन आली. कुरपार्कमधल्या बाकावर बसून तिनं मला फोटो दाखवले. तो पॅगोडा वीसेक वर्षं खपून, दगड न् दगड सोडवून पुन्हा उभा केला होता, पण सहाच मजल्यांपर्यंत, एक बाजू ढासळलेलीच ठेवून. पलीकडे दुसरा, कोरा करकरीत, पुरा नऊ मजल्यांचा. "एवढी वर्षं घातली, मग हाही पुरा का नाही केला?" मी विचारलं. "वर नक्की काय होतं ते कुणाला ठाऊक नाही," ती म्हणाली. "म्हणून तिथे थांबले." मग ताप किती आहे ते सांगावं तशा आवाजात म्हणाली, "कुमुद, आता डोळे मिटले की तुझा माणूस येतो. माझा येत नाही."

मी माफी मागितली, येत होत्या तेवढ्या सगळ्या भाषांतून. आणि त्या दिवसापासून तिच्या वडिलांचा विषय टाळायला लागले. त्याला मी समंजसपणा म्हणत होते. "आमच्या स्टेशनात बाबा एकदा..." असं ती सुरू करायची आणि मी विचारायची, चहा ठेवू का? पाच वर्षं मी चहा ठेवत राहिले. शेवटच्या भेटीत ती म्हणाली, "काल फलाट दिसला." मी तिची उशी सारखी केली आणि म्हटलं, पड जरा.

गेल्या रविवारी तिची मुलगी मीना वर आली. मूळचा, खराब झालेला फोटो तिनं माझ्या हातात ठेवला. आईनं तो माझ्यासाठी काढून ठेवला होता. आता तो माझ्या खिडकीत आहे. रोज सकाळी मी ती करंगळी बघते, कोपरापर्यंत जाते आणि थांबते. पण त्या रविवारी मला थांबवेना. मीना निघताना दारात मी विचारलंच, दिसायला कसे होते गं तुझे आजोबा?

मीना म्हणाली, "मला नाही माहीत, कुमुदमावशी. मी विचारलं की आई म्हणायची, कुमुद विचारेल तेव्हा दोघींना एकदमच सांगते."