कूलरची खिडकी

टीव्हीवर आमच्या विदर्भाचा अंदाज सांगितला: आणखी दोन दिवस हवा सुखद, मग पारा चढत जाणार. मी लगेच कूलरला लावायला वाळ्याच्या नव्या ताट्या आणल्या. आमच्याकडे कूलर एकदा खिडकीत बसला, की ती खिडकी थेट पावसाळ्यातच मोकळी होते.

"आई, उद्या कूलर लावून घेऊ."

"राहू दे ना गं थोडे दिवस. या खिडकीतून हवा छान येते."

त्या खिडकीतून फाटक दिसतं. संध्याकाळी फिरून आलेले बाबा तिथूनच ओरडायचे, "चहा टाक गं!" कूलर सुरू असला की त्यांना दोनदा ओरडावं लागे, आणि आम्ही वैतागायचो. बाबा गेल्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा.

उन्हाळा येणार म्हटलं की माणूस तयारीला लागतो. पण एखादी तयारी अशीही असते, की ती लांबवावीशी वाटते.

ते दोन दिवस कधीच सरले. आज संध्याकाळी कडुलिंबाचं पानही हलत नव्हतं. आई पदराने मान पुसत फाटकाकडे बघत बसली होती.

"येतेय ना छान हवा?" तिने विचारलं.

मी तिच्याशेजारी खुर्ची ओढली. "हो. छान येतेय."